नऊ सुताचा माणूस

२०२३च्या गणपतीत आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरी चांद्रयानाची आरास होती. २३ ऑगस्टला विक्रम लँडर चंद्रावर उतरला, १९ सप्टेंबरला गणपती बसले, म्हणजे त्या वर्षी पोरांच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. लेकीनं पुठ्ठ्याचा लँडर केला, त्याला चॉकलेटची चांदी डकवली, राख चाळून तिच्यात वाटीनं खड्डे उठवले. मग म्हणाली, "पप्पा, आता माणसं पाहिजेत." मी सांगितलं, तिथं माणूस नाही, सहा चाकांचा २६ किलोचा प्रज्ञान आहे फक्त. "तुमच्या चंद्रावर नसतील. माझ्या चंद्रावर आहेत."

रंकाळ्यावरच्या गाड्यावरून प्लॅस्टिकच्या हिरव्या शिपायांची एक पिशवी आणली. त्यांच्या बंदुका कापायच्या, पाठीवर पेनाच्या टोपणाची ऑक्सिजनची टाकी लावायची आणि चंदेरी रंग द्यायचा, असा बेत. टाक्या फेविक्विकनं चिकटल्यासारख्या वाटल्या आणि बोट लागताच सुटल्या. रंग वाळला, आणि दीड दिवसात साप कात टाकतो तसा सोलून आला. लेक हिरमुसली. मी मात्र त्या शिपायाला नखानं दाबून बघत बसलो. एकोणीस वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साचा ज्याच्यावरून घेतात तो नमुना बनवायच्या खात्यात, काम करतोय, वस्तू कशाची आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ते मऊ, मेणचट प्लॅस्टिक पॉलिइथिलीनच्या जातीचं होतं. दुधाची पिशवी त्याचीच, आणि तिला काही चिकटत नाही. चूक गोंदाची नव्हती, रंगाचीही नव्हती. माल चुकला होता.

मग योग्य माल कुठला, हे शोधता शोधता या छंदाचं दार उघडलं. बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं, सुट्या भागांतून जोडायची, रंगवायची आणि टेबलावर मांडून फाशांनी खेळायचं. अवकाशातले सैनिक, यंत्रमानव, परग्रहावरचे प्राणी, काय म्हणाल ते. या जगातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे वॉरहॅमर ४०,०००. तो खेळ १९८७ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि आज बहुतेक लोक त्याच्याच वाटेनं या छंदात येतात. त्याच्या किमती बघून मी दोन दिवस गप्प बसलो. एका सरदाराच्या एका बाहुलीला तीन हजारांवर रुपये. आमच्याकडं तेवढ्यात महिन्याचा किराणा भरतो.

पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की त्याच मापाची आणि त्याच प्लॅस्टिकची माणसं दुसऱ्या, लहान कंपन्याही काढतात, आणि त्यांच्या एका पेटीत वीस-वीस, कधी त्याहून जास्त माणसं असतात. खेळाचे नियमही फुकट मिळतात. वन पेज रूल्स नावाचे नियम आहेत, त्यांना माणूस कोणत्या कंपनीचा आहे याच्याशी देणंघेणं नाही आणि फासे आपले लुडोचे सहा बाजूंचेच चालतात. हे कळल्यावर मी वीस जणांची एक पेटी मागवली. घरात येईपर्यंत साडेतीन हजार झाले. माणशी पावणेदोनशे.

या माणसांचं माप २८ मिलिमीटर. ते मोजतात तळव्यापासून डोळ्यापर्यंत, डोक्याच्या टाळूपर्यंत नाही. कारण डोक्यावर टोप असेल, शिरस्त्राण असेल, त्याची उंची धरायची कशी? मला ही रीत फार आवडली. आमच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ नऊ सूत. इंचाचे आठ सूत, त्यावर एक. घरात त्यांचं नाव तेच पडलं, नऊ सुताची माणसं.

पेटीत पाच-पाच माणसांच्या चार चौकटी निघाल्या. राखाडी, कडक प्लॅस्टिक. पायांसकट धडं, हात, डोकी, बंदुका, पाठीवरच्या पिशव्या, सगळं सुटं आणि बारीक दांड्यांनी चौकटीला धरलेलं. सूचनेच्या कागदावर त्या चौकटीला 'स्प्रू' म्हटलं होतं. तो शब्द वाचून मी कागद खाली ठेवला आणि बायकोला हाक मारली. हा आमचा शब्द! फाउंड्रीत साच्यात रस ओततात ती उभी वाट म्हणजे स्प्रू. तिथून आडव्या वाटेनं, रनरनं, रस पुढं जातो आणि इनगेटमधून मालात शिरतो. नीट बघितलं तर चौकटीच्या दांड्या म्हणजे रनर आणि प्रत्येक भागाला चिकटलेलं बारीक टोक म्हणजे गेट. वितळलेलं पॉलिस्टायरीन, म्हणजे हेच कडक प्लॅस्टिक, तिथूनच आत गेलेलं असतं. ज्या कामावर माझं पोट आहे तेच काम कुणीतरी नऊ सुताच्या मापात करून मला पाठवलं होतं.

म्हणून पुढचा टप्पा मला सोपा गेला आणि त्याच्याबद्दलच मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण नवखे लोक तो उरकून टाकतात.

साचा दोन भागांचा असतो. ते दोन भाग जिथं मिळतात तिथं मालावर एक बारीक रेघ उमटते. आम्ही तिला पार्टिंग लाईन म्हणतो. पंपाच्या बॉडीवर ती राहिली तर फेटलिंगवाला, म्हणजे ओतलेला माल साफ करणारा, ग्राइंडरनं उडवतो. या माणसांवर ती खांद्यावरून, कानावरून, पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली जाते, केसाएवढी. राखाडी प्लॅस्टिकवर दिसतच नाही. रंग दिल्यावर मात्र अशी उठून येते की सैनिकाच्या गालावर टाके घातल्यासारखं वाटतं. ती काढायला ग्राइंडर नको आणि कानसही शक्यतो नको. कटरच्या पात्याची पाठ घ्यायची, धार नव्हे, आणि रेघेवरून हलक्या हातानं खरवडत जायचं, काकडी खरवडतो तसं. भाग उजेडासमोर तिरका धरला की रेघेची सावली पडते. दिसली नाही तर नख फिरवायचं, नखाला ती कळते.

साच्यामुळं आणखी एक गोष्ट होते. साचा सरळ उघडावा लागतो, म्हणून छातीवर आणि पाठीवर बारकावा खोल येतो आणि बरगडीच्या बाजूला तो पुसट होत जातो. पॅटर्न साच्यातून सरळ सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना आम्ही किंचित उतार, म्हणजे ड्राफ्ट देतो, त्याचाच हा भाऊ. हात धडाला जोडलेले न देता वेगळे देतात तेही त्याचसाठी. छातीपुढं आडवा हात असेल तर त्याच्या मागची जागा साच्यात अडकेल. वाळूच्या साच्यात आम्ही तिथं कोअर, म्हणजे वाळूचा सुटा गाभा, घालून सुटतो, पण पोलादी डायमध्ये ते परवडत नाही. मी हे लेकीला चौकट हातात देऊन समजावलं आणि आठवीतल्या पोरीला ड्राफ्ट म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळलं. आमच्याकडं नवीन आलेल्या डिप्लोमाच्या पोरांना याला आठवडा लागतो, कारण त्यांच्या हातात कुणी अशी वस्तू दिलेली नसते.

हत्यारं मी छंदाच्या दुकानातून घेतली नाहीत. गुजरीत सराफांना अवजारं पुरवणारी दुकानं आहेत. तिथं बारीक टोकाचा चिमटा, उंदराच्या शेपटीसारखी गोल कानस आणि डोळ्याला लावायचं भिंग मिळालं. दागिन्यांच्या कारागिरांचं हत्यार आणि आपल्याला लागणारं हत्यार यांत काडीचा फरक नाही. उद्यमनगरातून एक मिलिमीटरचा ड्रिल आणि तो बोटांत धरून फिरवायचा पिन वाईस आणला. बंदुकीच्या नळीचं तोंड साच्यातून बंद येतं. तिथं सुईनं आधी टोचा मारायचा आणि मग ड्रिल फिरवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण नळीला भोक पडलं की खेळणं संपतं आणि बंदूक सुरू होते.

गोंदावर मात्र पैसे खर्च करा. पॉलिस्टायरीनसाठी पाण्यासारखा पातळ गोंद मिळतो, मी तामियाची ४० मिलीची बाटली घेतली, झाकणालाच ब्रश असतो. हा गोंद चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवतो. दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि फटीच्या एका टोकाला ब्रश लावायचा. गोंद आपला आपण फटीतून पळत जातो. दोन्ही बाजू विरघळून एक होतात. हे वेल्डिंग आहे. फेविक्विकचा जोड टेबलावरून पडला की सुटतो, हा सुटत नाही. खिडकी उघडी ठेवूनच काम करायचं, वास डोक्यात जातो. खांद्याच्या जोडात फट राहिली तर उरलेल्या चौकटीचे तुकडे कातरून थोड्या गोंदात टाकून ठेवायचे. रात्रभरात त्यांची लापशी होते, ती फटीत भरायची आणि वाळल्यावर घासायची. फाउंड्रीत रनर-रायझर, म्हणजे वाटांत गोठलेला जादा रस, तोडून परत भट्टीत टाकतात, तसंच हे. मालाची भेग त्याच मालानं भरल्यावर जोड कुठं होता ते सापडत नाही.

उभं राहण्याबद्दल एक सांगतो. सुरुवातीचे तीन सैनिक मी चित्रात दाखवलेत तसे जोडले आणि ते तिघेही कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यासारखे झाले. मग गोंद लावायच्या आधी हात आणि डोकं मेणानं टेकवून बघायला लागलो. पॅटर्नच्या कोपऱ्यांत भरायचं मेण असतं आमच्याकडं, ते नखाएवढं पुरतं. गंगावेस तालमीत लहानपणी कुस्त्या बघायला जायचो, तिथला पैलवान मातीत उभा राहतो तेव्हा त्याचं डोकं, खांदा आणि पुढचा पाय एका दिशेला नसतात. नजर समोरच्यावर, खांदा तिरका, वजन मागच्या पायावर. तेवढं डोकं पाव फेरा फिरवलं आणि माणूस सावध झाला.

खाली बैठक म्हणून एम-१२चे वायसर लावले. बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर, जाडी अडीच, मधलं भोक पुठ्ठ्याची चकती डकवून बुजवलं. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात. लोखंडाच्या वजनानं माणूस कलंडत नाही, आणि डब्याच्या तळाला चुंबकाचं शीट लावलं की डबा उलटा केला तरी वीस जण जागचे हलत नाहीत.

मार्च २०२४पर्यंत वीसही जण उभे राहिले. मग ऑडिटमध्ये आणि उन्हाळ्यात तीन महिने गेले, आणि मी घाई केली ती नेमकी जुलैत.

रंगाच्या आधी अस्तर लागतं, नाहीतर पातळ रंग प्लॅस्टिकवर थेंब धरून बसतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून काळ्या मॅट स्प्रेचा डबा आणला. दोन दिवस पाऊस थांबला होता, रविवारी दुपारी गच्चीवर फळीवर सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि फवारलं. कोल्हापूरचा जुलै ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पाऊस थांबला तरी हवा ओली फडक्यासारखी होती. अर्ध्या तासानं बघतो तर सगळ्यांवर पांढुरकी झाक आणि पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा खरखरीत. स्प्रेचा कण हवेतला ओलावा घेऊनच बसला होता. चार महिने खरवडून गुळगुळीत केलेले चेहरे वाळूत लोळल्यासारखे झाले. त्या दिवशी मी जेवलो नाही.

रंग काढायला थिनर वापरू नका, ॲसिटोन तर नाहीच. ते रंगाबरोबर प्लॅस्टिकही खातात. मी वाचून ठेवलं होतं की डेटॉलनं रंग निघतो. न मिसळता, निव्वळ डेटॉल काचेच्या बरणीत ओतलं, एक दिवस सैनिक त्यात बुडवून ठेवले, मग हातमोजे घालून जुन्या टूथब्रशनं घासले. यात एक मेख आहे. घासताना पाणी लागता कामा नये. डेटॉलमध्ये सुटलेल्या रंगाला पाणी लागलं की त्याचा काळा चिकट राळ होतो आणि तो निघता निघत नाही. घासायचं डेटॉलमध्येच, पुसायचं, पुन्हा डेटॉलमध्ये विसळायचं आणि सगळ्यात शेवटी साबणाचं पाणी. पहिल्या दोघांवर मी हे शिकलो, बाकीचे अठरा नीट निघाले. खाचांत थोडं काळं राहिलं. ते असू दिलं, खाचा काळ्याच हव्या असतात. दोन दिवस घराला दवाखान्याचा वास होता आणि आईनं दोनदा विचारलं, कुणाला लागलंय का.

दुसऱ्यांदा अस्तर दिलं ते दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, वीतभर अंतरावरून, हात चालता ठेवून. काळं वाळल्यावर मऊ गोल ब्रशनं, गालाला पावडर लावायचा असतो त्या ब्रशनं, आधी राखाडी आणि मग फक्त वरच्या बाजूनं पांढरा सुका रंग फिरवला. ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला नुसता उंचवट्यांवरून झटकायचा. डोक्यावर दुपारचं ऊन असताना माणूस जसा दिसतो तसे सगळे दिसायला लागले. टोप, खांदे, गुडघे उजळ, हनुवटीखाली अंधार. याच्यावर पातळ, पारदर्शक रंगाचा एक हात दिला की छाया आपोआप पडते. अर्धं काम तिथंच होतं, आणि यात महागडं असं काही नाही.

रंगांबद्दल माझं मत असं झालंय. काळा, तपकिरी, राखाडी, ऑलिव्ह, मातकट सगळे रंग आपल्या इथल्या स्टेशनरीत मिळणाऱ्या कलाकारांच्या ॲक्रिलिकमधून घ्या. कापडावर रंगवायचे ॲक्रिलिक स्वस्त आहेत, पण ते रबरासारखे ताणतात आणि बारकावे भरून टाकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पांढरा, एक पोलादी, एक पिवळा, एक लाल आणि त्वचेचा रंग एवढे पाच मी बाहेरच्या कंपनीचे, १७ मिलीच्या बाटलीचे घेतले, तीनशेला एक. पांढऱ्यात आणि धातूच्या रंगात दाणा किती बारीक दळलाय यावर सगळं असतं, आणि स्वस्त चंदेरीतले कण नऊ सुताच्या माणसावर खड्यांसारखे दिसतात. पिवळा कुठलाही असो, थेट काळ्यावर बसत नाही, आधी खाली गेरूच्या छटेचा हात द्यावा लागतो. रंग नेहमी दुधाएवढा पातळ करायचा आणि दोन-तीन हात द्यायचे. एकाच जाड हातात काम उरकण्याचा मोह होतो, आणि त्याची भरपाई म्हणजे परत ती बरणी. पातळ रंग ताटलीत लगेच वाळतो, म्हणून लेकीचा जुना डबा घेतला, तळाला ओला टिश्यू, त्याच्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तो ओला असतो. खाचांत सोडायचं काळं पाणीही घरचंच, ड्रॉइंगच्या काळ्या शाईचे पाच-सहा थेंब, चमचाभर पाणी, थोडं मॅट मीडियम.

ब्रश घेताना दुकानात विचारा, केस कशाचे. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजूनही कुठं कुठं चांगला माल म्हणून पुढं केले जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो धंदा बेकायदा आहे आणि त्यासाठी मुंगसं मारली जातात. सिंथेटिकचा एक नंबरचा, टोक नीट जुळणारा ब्रश पुरतो. शून्याशून्याचे केसाएवढे ब्रश घेऊ नका. त्यांच्या पोटात रंग राहत नाही, हात चेहऱ्यापर्यंत पोचेतो टोक वाळलेलं असतं.

आणि मग डोळे.

एका डोळ्याची रुंदी अर्धा मिलिमीटरही नसते. मी सात चेहरे रंगवले आणि सातही जण भूत बघितल्यासारखे बघत होते. भिंग, नवा दिवा, श्वास रोखणं, सगळं करून झालं. शेवटी फेब्रुवारीत बापट कॅम्पला गेलो. तिथल्या कुंभारवाड्यात आमचा गणपती दरवर्षी ज्यांच्याकडून येतो ते मामा चाळीस वर्षं डोळ्यांची आखणी करतायत. साचे काढायचं काम चालू होतं, मामा निवांत होते. मी डब्यातून एक सैनिक काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, त्याला उलटा-सुलटा केला.

"हे काय, चिलटाएवढं? डोळं कुणी काढलं?"

"मीच, मामा."

"बुबुळ मधी ठेवलंयस की. भोवतीनं पांढरं सोडलं की वटारल्यागत दिसणारच त्यो. वरच्या पापणीला आन् खालच्या पापणीला, दोन्हीला टेकलं पायजे बुबुळ. मग नजर निवती."

मी वही काढली तर म्हणाले, "लिहून घेऊ नकोस, बघ." त्यांनी कागदावर डोळा काढला. आधी सबंध गडद, तांबूस तपकिरी, बदामाच्या आकाराचा. त्याच्यात पांढरं, पण कडेला गडद सोडून; ती सोडलेली कड म्हणजेच पापणी. मग वरून खाली एकच रेघ, ते बुबुळ. ठिपका नाही, रेघ. आणि हात. माझी दोन्ही कोपरं त्यांनी पाटावर टेकवून घेतली, मनगटाला मनगट लावायला लावलं, उजव्या हाताची करंगळी डाव्या अंगठ्यावर. "हात टेकल्याबिगर डोळा काढायचा न्हाई. गणपतीचा असू दे न्हाईतर मुंगीचा."

एका गोष्टीत मात्र आमचं जमलं नाही. त्यांच्याकडं डोळे सगळ्यात शेवटी, मूर्ती पूर्ण झाल्यावर. मी घरी येऊन करून बघितलं आणि नऊ सुताच्या माणसाला डोळे सगळ्यात आधी हवेत, असं माझं ठरलं. आधी डोळे काढायचे, इकडंतिकडं गेलेला रंग नंतर गालाच्या आणि कपाळाच्या रंगानं कापून आत घ्यायचा. चेहरा शेवटी करायला गेलं तर एका डोळ्यापायी पूर्ण गाल परत करावा लागतो. मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "बारीक हाय, तुझं खरं असंल."

गंजासाठी मला कुणाकडं जावं लागलं नाही. तो मी रोज बघतो. नवख्यांच्या चिलखतावरचा गंज सगळीकडं सारखाच नारिंगी असतो. कास्टिंग यार्डात आदल्या आठवड्यात पावसात भिजलेला माल नारिंगी असतो, वर्षभर पडलेला काळपट तपकिरी होतो, आणि पाणी जिथून ओघळतं तिथं खाली फिकट पट्टे येतात. म्हणून आधी स्पंजचा फाटका तुकडा गडद तपकिरीत बुडवून, पुसून, कोपऱ्यांवर आणि गुडघ्यांवर टिपून घेतला. माणसाचं चिलखत जिथं घासतं तिथंच, पाठीच्या मधोमध नाही. त्या डागांच्या आत पोलादी रंगाचा बारीक ठिपका, आणि नारिंगी फक्त बिजागऱ्यांच्या खाचांत, पाण्यासारखा पातळ. आमच्या फेटलिंगमधल्या एका जुन्या कारागिराला दाखवलं तर त्यानं सैनिकाकडं बघितलंच नाही, खांद्याच्या पत्र्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे वर्षाचं हाय." यापेक्षा मोठी पावती मला नको.

जमीन मंगळाची करायची हे लेकीनं ठरवलं. मसाई पठारावर फिरायला गेलो तेव्हा तिनं वाटेतली जांभ्याची लाल माती रुमालात बांधून आणली. मंगळ लाल आहे तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळं आणि आपला जांभाही त्याच्याचमुळं लाल, तेव्हा एवढी जवळची माती दुसरी कुठं मिळणार? तव्यावर भाजून घेतली, चहाच्या गाळणीनं चाळली, बैठकीवर फेविकॉल लावून वरून भुरभुरली. वाळल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा आणखी एक हात, नाहीतर झडते. मधे मधे मोल्डिंगच्या वाळूचे चार दाणे, खडी म्हणून. कंपनीतून काडेपेटीभर आणली होती. वाळूची धूळ फुप्फुसाला वाईट, घासताना आणि चाळताना तोंडाला फडकं बांधा.

हे सगळं चालू असताना, २० मे २०२५ला, जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. ते जन्मले कोल्हापुरात, १९३८ साली. शाळेत असताना त्यांच्या विज्ञानकथा मी वाचनालयातून आणून वाचल्या होत्या आणि आकाशात काय असेल याचा विचार करण्याची सवय मला तिथून लागली, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी टेबलावर कप्तान होता. बाकीच्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं होती, त्याचं डोकं मी उघडं ठेवलं होतं. मी त्याचे केस काळे करणार होतो, ते पांढरे केले. लेकीनं विचारलं, म्हातारा का केला? मी तिला नारळीकरांची एक गोष्ट सांगितली, आठवली तशी. दुसऱ्या दिवशी ती ते पुस्तक शाळेच्या वाचनालयातून घेऊन आली.

हिशेब असा झाला. पेटी साडेतीन हजार, गोंद पाचशे, ब्रश सातशे, बाहेरचे पाच रंग दीड हजार, इथले रंग आणि शाई चारशे, हत्यारं-वायसर पाचशे. सात हजार शंभर, म्हणजे माणशी तीनशे पंचावन्न, आणि यातलं पेटी सोडून बहुतेक सगळं पुढच्या पेटीलाही चालेल. वेळ मोजला तर प्रत्येकाला तीन-साडेतीन तास, कप्तानाला अकरा. वर्ष-दीड वर्ष, काम असेल त्या रात्री साडेनऊ ते साडेदहा टीव्ही बंद होता.

दहा-दहाच्या दोन टोळ्या केल्या. शेजारच्या पोरांनी त्यांची नावं शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ अशी ठेवली आणि फुटबॉलच्या सामन्याला होतो तेवढाच आरडाओरडा जेवणाच्या टेबलाभोवती होतो. इमारती औषधांच्या बाटल्यांच्या टोपणांच्या, सिरिंजच्या आणि पुठ्ठ्याच्या. बंदुकीचा नेम लागला की नाही ते फासा सांगतो, पण आडोसा होता की नव्हता यावर भांडण होतंच, तेव्हा मी वाकून सैनिकाच्या डोळ्याच्या रेषेत बघतो.

या वर्षी आराशीत मंगळ होता. गणपती आणायला गेलो तेव्हा मंडळांचे ट्रॅक्टर, ढोल, गर्दी, मामांना मान वर करायला सवड नव्हती. तरी मी डबा उघडून एकच माणूस पुढं केला. विसावा. त्याचा चेहरा मी मुद्दाम कोरा ठेवला होता. मामांनी पाटावर कोपरं टेकवली, गणपतीच्या आखणीचाच ब्रश जिभेवर ओला करून टोक केला आणि दोन रेघा ओढल्या. सगळं मिळून मिनिटही लागलं नाही.

बाकीचे एकोणीस जण शत्रूकडं बघतात. त्या एकाची नजर किंचित खाली आहे, समोर कुणीतरी लहान उभं असावं तशी. त्याच्यावर मी अजून मॅट वार्निश मारलेलं नाही. दिवाळी होऊ दे, हवा कोरडी पडू दे, मग.